पोटरीतलं दुखणं आणि न भरणारी जखम: पायाच्या रोहिण्या बंद झाल्या तर धीर कुठे धरायचा आणि घाई कुठे करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, बारा-तेरा वर्षांपासून मधुमेह, तरुणपणापासून सिगारेट. वर्षभरापासून थोडं चाललं की उजवी पोटरी भरून येते, उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. मणक्याचा त्रास समजून औषधं झाली, फरक पडला नाही. आता त्याच पायाच्या करंगळीला चपलेने घासून झालेली जखम तीन आठवडे भरत नाही. एक डॉक्टर म्हणतात आधी डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाची तपासणी) करा, दुसरे म्हणतात लगेच अँजिओप्लास्टी (बंद रोहिणी आतून फुग्याने उघडणं) करा. कोणाचं ऐकायचं?

डॉप्लर सांगणारे डॉक्टर क्रम बरोबर सांगताहेत आणि अँजिओप्लास्टी सांगणाऱ्यांना निकड बरोबर कळली आहे. वर्षभर फक्त पोटरी दुखत होती तोवर तुमच्या हातात वेळ होता. जखम भरेना तेव्हापासून तो संपत आला आहे. म्हणून तपासणी हवीच, पण ती याच आठवड्यात. पायाच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, बंद होत जाण्याच्या एकाच आजाराच्या या दोन अवस्था इतक्या वेगळ्या आहेत की मी त्यांना दोन आजारच मानतो. पहिल्या अवस्थेतल्या माणसाला घाईने स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसतो आणि दुसऱ्या अवस्थेतला मलमपट्टी करत महिनोन्‌महिने बसून राहतो. दोन्ही गोष्टी सारख्याच सर्रास घडतात आणि दोन्हींनी पाय जातात.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाचं दुखणं स्नायूत होतं, चालल्यावरच होतं आणि जवळजवळ ठरलेल्या अंतरावर होतं. रुग्ण सांगतो, "अमुक वळणापर्यंत जातो, तिथे पोटरी धरते." चढ असला किंवा भरभर चाललं तर ती लवकर धरते. थांबलं की जाते, आणि त्यासाठी बसावं लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. मणक्याच्या दुखण्यात नेमकं इथेच वेगळं होतं. मणक्यातली जागा अरुंद झालेल्या माणसाला उभं राहूनही आराम पडत नाही, त्याला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. तो सायकल मात्र सुखाने चालवतो, कारण सायकलवर कंबर वाकलेली असते. गुडघ्याचं किंवा खुब्याचं दुखणं पहिल्या काही पावलांतच बोलतं आणि ठरलेलं अंतर पाळत नाही. तुम्ही जे वर्णन केलंत ते ऐकून मणक्याकडे वळण्याआधी कोणीतरी पायाच्या नाड्या चाचपायला हव्या होत्या.

दुखण्याची जागा अडथळ्याची जागा सांगते, साधारण एक टप्पा खाली. पोटरी दुखते तेव्हा अडथळा बहुधा मांडीतल्या मुख्य रोहिणीत असतो. ढुंगण आणि मांडी दुखत असेल तर तो पोटातल्या महारोहिणीच्या शेवटाशी किंवा तिच्या फाट्यांत असतो. अशा पुरुषांना लैंगिक ताठरतेचा त्रासही असतो. हे ते आपणहून सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारायला हवं. तळव्याची कमान दुखत असेल आणि रुग्ण चाळिशीच्या आतला तंबाखू घेणारा असेल, तर बर्गर या आजाराचा विचार करावा लागतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्यात नेहमीसारखे रोहिणीत साठलेले चरबीचे थर नसतात. हातापायांच्या लहान वाहिन्या सुजून आत गुठळ्या होतात, आणि तंबाखू पूर्ण सोडण्याइतकं दुसरं कुठलंही औषध त्यावर चालत नाही.

नीला (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या) आणि रोहिणी यांची गल्लत तर रोजची. फुगलेल्या नीलांचं दुखणं दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी येतं, पाय जड होतो, सुजतो आणि वर ठेवला की बरं वाटतं. रोहिणी बंद असलेल्या माणसाचं उलट: रात्री पाय अंथरुणावर आडवा झाला की बोटांत आग होते, आणि पाय पलंगावरून खाली लटकवला की कमी होते. अशी माणसं खुर्चीत बसून झोपतात. सतत लटकल्याने पायावर सूज येते आणि सूज पाहून कोणीतरी घट्ट मोजे देतं. नाडी न तपासता असे मोजे घातले तर उरलंसुरलं रक्तही अडतं आणि टाचेवर किंवा घोट्यावर कातडी मरते. पायाला मोजे किंवा घट्ट पट्टी सुचवणाऱ्याला "घोट्याचा दाब मोजलात का?" असं जरूर विचारा.

मधुमेही माणसात या सगळ्या वर्णनावर फार विसंबू नका. नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे दुखण्याची सूचनाच येत नाही. शिवाय बरेच जण इतकं कमी चालतात की पोटरी भरून यायची वेळच येत नाही. अशांना आजाराचा पहिला पत्ता लागतो तो न भरणाऱ्या जखमेनेच.

पाय बघायचा कसा? मोजे काढून, दोन्ही पाय शेजारी ठेवून, बोटांच्या बेचक्या उघडून. कातडी चकचकीत होणं, केस गळणं, नखं जाड होणं या खुणा पुस्तकात असतात, पण वयाने आणि इतर कारणांनीही त्या येतात. मला त्यांपेक्षा रंगाचा फरक जास्त सांगून जातो. रुग्णाला उताणं झोपवून दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांवर मिनिटभर धरायचे. रक्त कमी पोचणारा तळवा पांढराफटक पडतो. मग त्याला बसवून पाय खाली सोडायला सांगायचं. चांगला पाय लगेच गुलाबी होतो. आजारी पाय थोडा वेळ फिकटच राहतो आणि मग गडद तांबडा, जांभळट होत जातो. हा तांबडेपणा पाहून संसर्ग समजून प्रतिजैविकं दिली जातात. पाय वर उचलल्यावर तांबडेपणा गेला, तर तो रक्ताच्या तुटवड्याचा आहे हे लक्षात घ्या.

नाडी तुम्हीही शोधू शकता. घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे, हाड आणि टाचेमागची जाड दोरी यांच्या मध्ये, दोन बोटांची टोकं हलकी ठेवा. अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचाच ठोका लागतो. दुसरी जागा पावलाच्या वर: वडिलांना पायाचा अंगठा वर उचलायला सांगा, जी दोरी वर येते तिच्या बाहेरच्या बाजूला. ही दुसरी नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मतः लागत नाही, म्हणून तेवढ्यावर घाबरू नका. पण एका पायात दोन्ही लागतात आणि दुसऱ्यात एकही नाही, हा फरक बोलका आहे.

यानंतरची तपासणी सगळ्यात साधी, स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी: घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागणं. तिला एबीआय म्हणतात. रक्तदाबाचा पट्टा घोट्याच्या वर बांधतात, हातात मावणारा छोटा डॉप्लर नाडीवर धरतात, पट्टा फुगवून आवाज बंद करतात आणि हळूहळू हवा सोडत आवाज परत कुठे येतो ते वाचतात. दंडावर १४० आणि घोट्यावर ८४ आला तर एबीआय ०.६० झाला. १.०० ते १.४० सर्वसाधारण. ०.९० किंवा त्याखाली असेल तर आजार आहे. ०.४० च्या खाली गंभीर. बसल्या जागी आकडा ठीक पण चालल्यावर दुखतं असं असेल, तर रुग्णाला चालवून लगेच पुन्हा मोजतात. लपलेला आजार तेव्हा उघडा पडतो. आवाजही ऐकण्यासारखा असतो. चांगल्या रोहिणीत प्रत्येक ठोक्याला दोन-तीन तुकड्यांचा टणक आवाज येतो, अडथळ्यापलीकडच्या रोहिणीत एकच लांबट, दबलेला "हूऽश".

तुमच्या वडिलांच्या बाबतीत इथे एक सापळा आहे. जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार यांत रोहिणीच्या भिंतीत चुना (कॅल्शियम) साठतो. मग पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही आणि आकडा खोटा, मोठा येतो. १.४० च्या वरचा आकडा "उत्तम" नसतो, तो निरुपयोगी असतो. आणि चुन्यामुळे ०.६ चा पाय १.१ सुद्धा दाखवू शकतो, म्हणजे अगदी निर्मळ दिसतो. म्हणून मधुमेहात जखम असेल तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. अंगठ्याच्या वाहिन्यांत चुना सहसा साठत नाही. अंगठ्याचा दाब ३० मिमीच्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी.

रंगीत डॉप्लर सोनोग्राफीने अडथळा कुठे, किती लांब, किती टक्के हे कळतं आणि त्यात सुई लागत नाही. सीटी अँजिओग्राफी किंवा थेट अँजिओग्राफी मी तेव्हाच सांगतो जेव्हा काहीतरी करायचं नक्की झालेलं असतं. दोन्हींत सहसा आयोडीनचं रंगद्रव्य लागतं, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी पाहावंच लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती थांबवायची का, हे मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरतं.

आता पहिली अवस्था, नुसत्या चालताना दुखणाऱ्या पायाची. इथे पाय जाईल ही भीती सगळ्यांच्या मनात असते, पण अशा रुग्णांपैकी पाच वर्षांत मोठं अंगच्छेदन होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात दोन-तीनच्या आसपास असतं. खरा धोका वरच्या बाजूला आहे. जी चरबी मांडीच्या रोहिणीत साठली तीच हृदयाच्या आणि मानेच्या रोहिण्यांतही साठलेली असते, आणि हे रुग्ण हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जातात. म्हणून पायाच्या आजाराचं निदान झालं की औषधं हृदयाची सुरू होतात, यात गोंधळून जाण्यासारखं काही नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन पुरेशा मात्रेत हवं, उदाहरणार्थ ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या, शक्य असेल तर ५५ च्या खाली आणायचं. "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे" म्हणून ते बंद करू नका, ते नुसत्या आकड्यासाठी दिलेलं नसतं. रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी एक. रक्तस्रावाचा धोका कमी असलेल्या निवडक रुग्णांना ॲस्पिरिनबरोबर रिव्हारॉक्साबान २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. त्याने हृदयाचे आणि पायाचेही मोठे आघात कमी होतात, पण रक्तस्राव वाढतो, म्हणून ते ठरवणं डॉक्टरांचं काम. रक्तदाब आणि साखर आटोक्यात हवीच.

सिगारेट मात्र पूर्ण बंद. कमी केली, फिल्टरची घेतो, विडीवर आलो, तंबाखू नुसती चघळतो, हे सगळं मी ऐकतो आणि प्रत्येकाला तेच सांगतो: बायपास केलेली (अडथळा टाळून रक्तासाठी जोडलेली) वाहिनी सिगारेट ओढणाऱ्यात कितीतरी जास्त वेळा बंद पडते. तुटत नसेल तर व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन या गोळ्या, निकोटिनच्या पट्ट्या आहेत, त्या मागायला लाजू नये. नुसत्या इच्छाशक्तीवर फार थोड्यांना जमतं.

आणि चालणं. दुखतं म्हणून चालणं सोडायचं, हा सल्ला या अवस्थेत अगदी उलटा आहे. ठरवून चालायचं: दुखायला लागलं तरी मध्यम दुखेपर्यंत चालत राहायचं, मग थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा सुरू. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीन दिवस, किमान १२ आठवडे. बंद रोहिणी त्याने उघडत नाही. स्नायू तेवढ्याच रक्तात जास्त काम करायला शिकतो, वाहिन्यांचं अस्तर सुधारतं, चालण्याची ढब बदलते. चालण्याचं अंतर दुप्पट होणं यात नवल नाही. पहिले तीन-चार आठवडे काहीच बदल जाणवत नाही आणि बहुतेक जण तिथेच सोडतात, म्हणून घरच्यांनी बरोबर चालावं. सिलोस्टॅझॉल १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तासांनंतर घेतलं तर अंतर आणखी थोडं वाढतं. हृदय कमकुवत असलेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला ते अजिबात द्यायचं नाही.

हे सगळं तीनेक महिने नेटाने करूनही कामधंदा अडत असेल, तर अँजिओप्लास्टीचा विचार. पोटातल्या फाट्यांत ती चांगली टिकते. मांडीत लांब अडथळा असेल तर कमी टिकते आणि गुडघ्याखाली सर्वांत कमी. "पुढे गँगरीन होऊ नये म्हणून आत्ताच स्टेंट टाकून घ्या" असं नुसत्या पोटरीदुखीसाठी कोणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. तसा बचाव होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि आत बसवलेला स्टेंट अचानक बंद पडला तर पाय आधीपेक्षा वाईट होऊ शकतो.

दुसरी अवस्था तुमच्या वडिलांची असण्याची दाट शक्यता आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ रात्री दुखणारा पाय, भरत नसलेली जखम किंवा काळं पडलेलं बोट. इथे चालण्याचा व्यायाम बंद, जखमेवर भार नको. उपचार न झाल्यास अशा रुग्णांपैकी साधारण चारातल्या एकाचा पाय वर्षभरात जातो.

या अवस्थेत क्रम फार महत्त्वाचा. पू, दुर्गंध, वर चढणारा लालसरपणा किंवा ताप असेल तर आधी संसर्गाचा निचरा, त्याच दिवशी. संसर्ग नसेल आणि बोट कोरडं, काळं असेल तर त्याला हात न लावता आधी रक्तपुरवठा सुधारायचा. रक्त न पोचणाऱ्या पायावर बोट कापलं तर कापलेली जागाही भरत नाही, मग पाऊल जातं, मग गुडघ्याखालचा भाग. तुम्हाला कोणी "करंगळी काढून टाकू, सुटाल" म्हणालं, तर आधी पायाच्या रोहिण्यांचं चित्र काढायला सांगा.

रक्त पोचवायचे दोन मार्ग. फुग्याची, म्हणजे अँजिओप्लास्टीची, वाट पायातूनच सुरू झाली हे फारसं कोणाला माहीत नसतं. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद रोहिणी नळीने रुंद केली. त्यांच्या पायाच्या बोटांना गँगरीन होतं आणि त्यांनी पाय कापायला नकार दिला होता. हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७७ मध्ये झाली. स्वतःच्या पायातली नीला वापरून बायपास करण्याची पद्धत त्याहून जुनी, पॅरिसच्या झाँ कुन्लिन यांनी १९४८ मध्ये केलेली.

यातलं कुठलं चांगलं, यावर दोन मोठे अभ्यास झाले आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय मध्ये मांडीतली लांब नीला चांगली असलेल्या रुग्णांत बायपास सरस ठरला. २०२३ च्या बॅसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या आजारात आधी अँजिओप्लास्टी केलेले रुग्ण जास्त चांगले राहिले. माझं मत असं: शस्त्रक्रिया झेपेल अशी प्रकृती, चांगली नीला आणि लांब अडथळा असेल तर बायपासचा पर्याय समोर ठेवलाच पाहिजे. हृदय कमकुवत असेल, नीला नसेल किंवा अडथळा छोटा असेल तर फुगा आधी. त्यासाठी नीलेचीही सोनोग्राफी झालेली असावी. दोन्ही गोष्टी करू शकणारं ठिकाण निवडा. जिथे एकच हत्यार असतं तिथे तेच सुचवलं जातं.

एक तातडीची गोष्ट यात मिसळू नये. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर झाला, खूप दुखू लागला, बोटं हलेनाशी झाली, तर ती गुठळी आहे असं समजून थेट मोठ्या रुग्णालयात जा. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांत हे जास्त होतं. स्नायू साधारण सहा तास तग धरतात. बधिरपणा आणि हालचाल जाणं म्हणजे वेळ संपत आल्याची खूण. मालीश आणि शेक यांत ते तास घालवू नका.

शेक तर एरवीही नको. बधिर, कमी रक्ताच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावली की भाजतं आणि ते कळत नाही. गार पायाला सैल लोकरी मोजे पुरतात. कुरूप ब्लेडने कापू नका, कुरुपाच्या आम्लाच्या पट्ट्या लावू नका, घरातही अनवाणी नको, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघा. रोज रात्री दोन्ही पाय, बेचक्यांसकट, घरातल्या चांगली नजर असलेल्या माणसाने पाहावेत.

तर आता करायचं काय? करंगळीला घासणारी चप्पल आजच बंद. जखम सलाइनने धुऊन कोरडी, सैल पट्टी. बाजूने घट्ट चिकटपट्टी गुंडाळू नका. याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा. जखमेखालचं हाड सडलंय का ते पाहायला पावलाचा एक्स-रे, क्रिएटिनिन, एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि ईसीजी झालेले असतील तर ते बरोबर न्या, चालू औषधांची यादीही. त्यांना तीन गोष्टी विचारा: अंगठ्याचा दाब किती आला, अडथळा कुठल्या पातळीवर आहे, आणि बायपाससाठी नीला चांगली आहे का. याची उत्तरं हातात आली की मग अँजिओप्लास्टी हो की नाही, हे तुम्ही आणि ते मिळून ठरवा. आणि डावा पायही तपासायला सांगा, तो दुखत नसला तरी.